शालेय दप्तर : कोणती नोंद कोणी पाहावी?

शाळेच्या कपाटात असलेले दप्तर हे नुसते कागदांचे गाठोडे नव्हे. मूल सहाव्या वर्षी शाळेत येते आणि आठवी होईपर्यंत त्याच्याविषयी शाळेत पुष्कळच लिहिले जाते. त्याची जन्मतारीख, जात, पालकांचा व्यवसाय व उत्पन्न, आधार क्रमांक, बँकेचे खाते, उंची व वजन, दृष्टिदोष, आजार, परीक्षेतील गुण, गैरहजेरी आणि तिची कारणे हे सारे त्यात येते. कुटुंबाबाहेर गावात कोणालाही इतकी माहिती नसते. पालकांनी ती शाळेला सांगितली ती मुलाच्या शिक्षणासाठी; गावाला सांगितलेली नाही. म्हणून ही माहिती शाळेजवळ असली तरी शाळेच्या मालकीची नाही. ती ठेव आहे, आणि ठेवीचा विनियोग ठेव ठेवणाऱ्याच्या हेतूप्रमाणेच व्हावा लागतो.

या ठेवीच्या बाबतीत शाळांकडून दोन परस्परविरुद्ध चुका घडताना दिसतात. काही शाळांत जनरल रजिस्टर दिवसभर टेबलावर पडलेले असते व येणारा जाणारा ते सहज चाळतो. दुसऱ्या काही शाळांत सर्वच दप्तर गोपनीय समजून ते कुलुपात ठेवतात. आईने आपल्याच मुलीची उत्तरपत्रिका मागितली तरी तिला नकार मिळतो, आणि गावकऱ्याने अनुदानाचा हिशेब विचारला तरी त्याला टाळले जाते. दोहोंचे मूळ एकच आहे. संपूर्ण कपाट उघडे ठेवावे की बंद, असा प्रश्न केला जातो. वस्तुतः तो प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न एकेका नोंदीपुरता केला पाहिजे : ही नोंद, या व्यक्तीस, कोणत्या कामासाठी? हे तीन भाग स्पष्ट झाले की उत्तर बहुधा आपोआप मिळते.

१. नोंदींचे चार वर्ग

सोयीसाठी शाळेतील नोंदींचे चार वर्ग करावेत.

पहिला वर्ग सर्वांसाठी खुल्या नोंदींचा. शाळेस मिळालेले अनुदान व त्याचा खर्च, पोषण आहाराच्या धान्याचा साठा व रोजचा आहार, शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव, इयत्तावार पटसंख्या, मंजूर व भरलेली शिक्षकपदे या गोष्टी कोणाही नागरिकास कळाव्यात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमाने तर सार्वजनिक संस्थांनी आपल्या कामाची माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करावी असे सांगितले आहे. ती फलकावर लावल्याने शाळेविषयी विश्वास वाढतो.

दुसरा वर्ग एकेका मुलाच्या अभ्यासाचा. हजेरी, प्रगतिपत्रक, वर्णनात्मक नोंदी व उत्तरपत्रिका यांत मोडतात. त्या त्या मुलास, त्याच्या पालकांस, त्यास शिकविणाऱ्या शिक्षकांस व मुख्याध्यापकांस पाहता येतील. शेजारच्या मुलाच्या पालकास नाहीत.

तिसरा वर्ग मुलाच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा. जात, उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, अनाथ असल्याची नोंद इत्यादी. ज्या शिक्षकाकडे शिष्यवृत्तीचे वा लाभाचे काम सोपविले असेल त्याने त्या कामापुरती पाहावी. एरवी मुख्याध्यापक व स्वतः पालक एवढ्यांपुरतीच ती असावी.

चौथा वर्ग मोहोरबंद पाकिटाचा. एचआयव्हीसारखा आजार, लैंगिक अत्याचाराची तक्रार, बाल कल्याण समितीपुढील प्रकरण, कुटुंबातील हिंसा. ही माहिती वर्गशिक्षकाच्या वहीतही नसावी. जिला कायद्याने वा मुलाच्या संरक्षणासाठी ती कळणे अपरिहार्य आहे, तिलाच कळावी.

वर्ग ठरविताना एक सूत्र लक्षात ठेवावे : पैशाचा हिशेब उघडा, मुलाचा हिशेब झाकलेला. शंका आल्यास या सूत्रावर घासून पाहावे.

२. पाहणे, लिहिणे आणि नक्कल देणे

अधिकार म्हणजे एकच गोष्ट नव्हे. पाहण्याचा अधिकार, लिहिण्याचा अधिकार व नक्कल देण्याचा अधिकार हे तीन निरनिराळे आहेत, आणि यांची सरमिसळ झाल्यानेच बरेच घोटाळे होतात.

वर्गशिक्षक आपल्या वर्गाची हजेरी लिहितो व पाहतो. परंतु शाळा सोडल्याचा दाखला देण्याचा अधिकार त्याचा नाही, तो मुख्याध्यापकांचा. मुख्याध्यापक जनरल रजिस्टर सांभाळतात व त्याचा उतारा देतात. परंतु एकदा नोंदलेली जन्मतारीख वा जात सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशावाचून त्यांनाही बदलता येत नाही. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी व गटशिक्षणाधिकारी तपासणीसाठी नोंदी पाहतात व शेरेबुकात शेरा लिहितात. मूळ नोंदीत हात घालत नाहीत. पालक आपल्या मुलाची नोंद पाहतात व तिची नक्कल मागतात. दुरुस्ती हवी असल्यास अर्ज करतात. शाळेच्या प्रत्येक नोंदवहीपुढे हे तीन रकाने मांडले तर कोणाचे काम कोठे संपते हे साऱ्यांना दिसेल.

३. निरनिराळ्या व्यक्ती, निरनिराळे अधिकार

शाळा व्यवस्थापन समितीविषयी गैरसमज फार आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील एकविसाव्या कलमाने ही समिती निर्माण केली. तिचे किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही तिची कामे होत. तेव्हा हिशेबाचे कागद, पटसंख्या व उपस्थितीचे आकडे समितीपुढे निःसंकोच ठेवावेत. एखादे मूल महिनाभर येत नसेल तर त्यास शाळेत आणण्यासाठी त्याचे नाव व गैरहजेरीचे दिवसही सांगावे लागतील. पण ते मूल का येत नाही याचे कारण घरातील आजार वा भांडण असेल, तर ते सभेत वाचून दाखविण्याची गरज नाही. त्या घरी जाणाऱ्या एखाद्या सभासदास आवश्यक तेवढेच सांगावे.

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य वा शाळेस देणगी देणारे गृहस्थ यांना गावात मान असतो व तो राखलाच पाहिजे. परंतु मान आणि अधिकार या दोन गोष्टी आहेत. देणगीदाराने वह्या वाटावयाच्या असतील तर त्यांस इयत्तावार संख्या पुरते. गरीब मुलांची नावे, उत्पन्न व जात यांची यादी लागत नाही. वाटप शाळेने करावे आणि कोणते मूल गरजू म्हणून निवडले गेले ते इतर मुलांपुढे उघड होऊ देऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून मुलांची तपासणी करतात. पथकास मुलाचे नाव, वय व पूर्वीच्या आजाराची नोंद दाखवावी लागते. जातीची वा उत्पन्नाची नाही. तपासणीनंतर निघालेला दोष पालकास एकांतात सांगावा. सगळ्या वर्गासमोर मुलाच्या व्यंगाचा उच्चार करणे म्हणजे त्याच्यावर नवे व्यंग लादणे होय.

विद्यार्थी स्वतः याही यादीत आहे हे विसरू नये. सातवी आठवीच्या मुलामुलींना आपली प्रगती, आपली हजेरी व आपली उत्तरपत्रिका पाहण्याची संधी द्यावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी निर्णय दिला की परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. मात्र परीक्षकाचे नाव उघड करण्याची आवश्यकता नाही. एकाच कागदावरील एक भाग उघडा व दुसरा झाकलेला असू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

४. कायदा काय सांगतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरविले. मूल लहान आहे म्हणून हा हक्क त्याला नाही असे होत नाही. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारविषयक निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही व आधार नाही म्हणून कोणत्याही मुलास लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस हा कायदा बालक मानतो व तिच्या माहितीच्या वापरास पालकाची खात्रीशीर संमती हवी असे तत्त्व घालून देतो. याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या आठव्या कलमातील व्यक्तिगत माहितीविषयीची तरतूदही बदलली आहे. व्यापक लोकहित अधिक महत्त्वाचे असल्यास माहिती देण्याची मुभा मात्र त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात कायम आहे.

समजा, एखाद्याने अर्ज केला की शाळेतील सर्व विद्यार्थ्यांची नावे, जात, आधार क्रमांक व शिष्यवृत्तीची रक्कम कळवावी. असा अर्ज फेकूनही देऊ नये व घाबरून सर्व यादीही देऊ नये. जन माहिती अधिकाऱ्यामार्फत तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर जावे लागते. दहाव्या कलमाप्रमाणे देता येण्याजोगा भाग वेगळा काढून देता येतो : किती मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, प्रवर्गवार संख्या किती, एकूण रक्कम किती हे सांगावे, नावे व आधार क्रमांक झाकावेत आणि झाकण्याचे कारण लेखी द्यावे. पैसा योग्य ठिकाणी गेला की नाही हे तपासण्याचा नागरिकाचा हक्क त्यात शाबूत राहतो व मुलेही उघडी पडत नाहीत.

एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याच्या आठव्या कलमान्वये कोणाचीही बाधित असल्याची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. बालकाच्या बाबतीत ही संमती पालकाची. बाल न्याय कायदा २०१५ याच्या चौऱ्याहत्तराव्या कलमाने कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या वा संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता वा शाळासुद्धा प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. म्हणजे वार्ताहराने विचारले असता ‘ती मुलगी आमच्याच शाळेतली’ एवढे सांगणेही दोषास्पद ठरू शकते.

५. गुप्तता म्हणजे लपवणूक नव्हे

येथे एक अत्यंत महत्त्वाचा भेद आहे. मुलीने वा मुलाने शिक्षकास लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर ‘ही गोपनीय बाब आहे’ असे म्हणून शिक्षकाने ती स्वतःपाशी ठेवावी काय? मुळीच नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचे एकोणिसावे कलम प्रत्येकावर ती पोलिसांस वा विशेष बाल पोलीस पथकास कळविण्याचे बंधन घालते. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीच्या अपराधाची माहिती दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही उपलब्ध आहे.

तेव्हा पोलिसांस कळविणे हे कर्तव्य; शिक्षकांच्या खोलीत चर्चा करणे हा अपराध. गावची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दाबणे हे रक्षण नव्हे. झाकायचे असते ते मुलाचे नाव, अपराध नव्हे. माहिती कोणास द्यावयाची हे ठरविताना ‘यामुळे मुलाचे रक्षण होते की शाळेचे?’ असे स्वतःस विचारावे. उत्तर केवळ ‘शाळेचे’ असे आले तर आपण चुकीच्या वाटेवर आहोत.

६. जुनी रजिस्टरे

जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी जुन्या शालेय नोंदींना फार मोल असते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव दिनांकांपूर्वीचा पुरावा पाहिला जातो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावच्या शाळांतील जुनी, क्वचित मोडी लिपीतील रजिस्टरे बाहेर निघाली.

अर्जदारास स्वतःच्या वा आपल्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा मिळणे हा त्याचा न्याय्य हक्क आहे. त्यात विलंब करू नये. परंतु एका पानावर वीस पंचवीस कुटुंबांच्या नोंदी असतात. अर्जदाराच्या हाती संपूर्ण रजिस्टर देऊन ‘शोधा आपले आपण’ म्हणणे, किंवा साऱ्या पानाचे छायाचित्र काढू देणे योग्य नव्हे. नोंद शाळेने शोधावी, इतर ओळींवर कोरा कागद ठेवून छायाप्रत काढावी व ती साक्षांकित करून द्यावी. पान फाटणे, शाई फिरणे, नवी अक्षरे घुसडली जाणे हे धोकेही त्यामुळे टळतात.

७. संगणक व भ्रमणध्वनी

पूर्वी कपाटाची किल्ली एक होती. यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची माहिती भरली जाऊ लागली आणि किल्लीचे रूप पालटले. आता पासवर्ड ही किल्ली आहे. शाळेचा, तालुक्याचा व जिल्ह्याचा प्रवेश त्यात वेगवेगळा ठेवण्याचे कारण हेच, की प्रत्येकाने आपल्या कामापुरते पाहावे. परंतु तोच पासवर्ड भिंतीवरील वेळापत्रकाखाली लिहिला, किंवा गावातील संगणक केंद्राच्या चालकास कायमचा देऊन टाकला, तर ही सारी व्यवस्था निरर्थक होते. माहिती भरण्यास बाहेरची मदत घ्यावीच लागली तर शिक्षकाने शेजारी बसावे, काम संपताच बाहेर पडावे व पासवर्ड बदलावा. मुख्याध्यापकांची बदली झाली की कार्यभाराच्या यादीत दप्तराबरोबर पासवर्ड बदलल्याचीही नोंद असावी.

व्हॉट्सॲपचा गट ही आजची सर्वांत मोठी उघडी खिडकी आहे. ‘खालील मुलांचे बँक खाते जोडलेले नाही’ असे लिहून नावे, जात व खाते क्रमांक यांची यादी पालकांच्या गटावर टाकली जाते. हेतू चांगला असतो. पण ती यादी क्षणात पन्नास भ्रमणध्वनींत जाते व परत घेता येत नाही. अशा सूचना ज्याच्या त्याच्या पालकास स्वतंत्रपणे द्याव्यात. निकालाच्या दिवशी संपूर्ण वर्गाच्या गुणांचा तक्ता गटावर टाकण्याची प्रथाही सोडावी. पहिल्या आलेल्या मुलाचे कौतुक त्याशिवायही करता येते. शेवटच्या मुलाची लाज मात्र झाकता येत नाही.

८. वर्गातील वागणूक

कागद झाकले आणि तोंड उघडे ठेवले तर उपयोग नाही. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना ‘अमुक जातीच्या मुलींनी उभे राहावे’ असे वर्गात म्हणण्याची सवय कोठे कोठे अद्यापि आहे. समजा, अशीच एक सहावीतील मुलगी उभी राहते. वर्षभर जिच्याबरोबर ती डबा खात होती ती मैत्रीण दुसऱ्या दिवशी जागा बदलते. आठवड्याने मुलगी शाळेत येईनाशी होते, आणि हजेरीपटावर कारण लिहिले जाते ‘घरकाम’. ज्या शिष्यवृत्तीने तिला शाळेत टिकवावयाचे तिच्याच निमित्ताने तिची शाळा सुटते. रजिस्टरमधून नावे काढून तिच्या पालकांस निरोप धाडणे हे दहा मिनिटांचे काम होते.

९. नकार कसा द्यावा

गावातील माणसास नकार देणे शिक्षकास अवघड जाते, कारण त्याला त्याच गावात रहावयाचे असते. म्हणून नकार व्यक्तीचा नसावा, नियमाचा असावा. ‘सरपंचसाहेब, पटसंख्या व हिशेब आत्ता दाखवितो. मुलांच्या नावानिशी नोंदी मात्र त्यांच्या पालकांवाचून कोणालाच दाखविता येत नाहीत. आपल्या नातवाची नोंदही मी दुसऱ्या कोणास दाखविणार नाही,’ असे म्हटले तर समंजस माणसास त्यात अपमान वाटत नाही, उलट आपले मूलही येथे सुरक्षित आहे असे त्यास कळते. मात्र हा नियम शिपायापासून सभापतीपर्यंत सर्वांस सारखा लावला पाहिजे. एकास दाखविले की दुसऱ्यास नाही म्हणण्याचा नैतिक अधिकार संपतो.

१०. प्रत्यक्ष करावयाची कामे

पुढील पाच गोष्टींस एखादी शनिवारची दुपार पुरेल. पहिली, शाळेतील सर्व नोंदवह्यांची यादी करून प्रत्येकीपुढे वर सांगितलेल्या चारपैकी वर्ग लिहावा. दुसरी, कोणी पाहावे, कोणी लिहावे व नक्कल कोणी द्यावी हे तीन रकाने भरावेत. तिसरी, जनरल रजिस्टर व तिसऱ्या वर्गाच्या नोंदी कुलुपात ठेवून किल्ली एका जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. चौथ्या वर्गाची पाकिटे मोहोर करून मुख्याध्यापकांच्या ताब्यात असावीत. चौथी, एक लहानशी वही घालून दिनांक, मागणाऱ्याचे नाव, नोंद, कारण व सही यांची नोंद ठेवावी. कोणती नोंद कोणी पाहिली हे त्यावरून पुढे कळते. पाचवी, हे सारे शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत समजावून सांगून ठराव घ्यावा, म्हणजे नकाराचा भार एकट्या शिक्षकावर पडणार नाही.

पालक निरक्षर असला तरी तो मुलाचा हात शिक्षकाच्या हाती देताना मनातील पुष्कळ गोष्टी सांगून जातो. त्या गोष्टी शिक्षक जपून ठेवील अशा भरवशावरच तो सांगतो. हा भरवसा एकदा तुटला की पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी आजार लपविला जातो, पत्ता खोटा दिला जातो, आणि ज्या मुलास सर्वांत अधिक मदत हवी तेच शिक्षकाच्या दृष्टीआड राहते. दप्तर नीट जपण्याचे खरे प्रयोजन हे आहे. शिक्षक बंधुभगिनींनी चालू सत्रातच आपल्या शाळेत ही व्यवस्था लावून घ्यावी.